गटारीच्या मासळीची पाटी

मित्रांनो, पाटी म्हटले की तुम्हाला अक्षरे गिरवायची पाटी आठवत असेल. ती मी नव्हे. माझ्यावर कोणी कधी श्रीगणेशा काढला नाही. माझ्यात कोळंबी बसली, बोईट बसले, चिंबोऱ्यांनी मला नांग्या मारल्या. मी मासळीची जुनी पाटी आहे. माझा वास येतो, हे मला ठाऊक आहे. नाक दाबायची गरज नाही.

एका बुरुडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणले आणि ठाण्याच्या खाडीकाठच्या सगुणाबाईंनी मला पारखून घेतले. त्यांच्या डोक्यावर बसून मी वर्षानुवर्षे खोपटच्या एका चाळीत गेले. "मावशी, उद्या पण या हां," असे बायका म्हणत. मान मावशींचा होता, पण त्यातला थोडा मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेत असे.

यंदा गटारी आली. पुढे श्रावण, म्हणून चाळीच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही ओळींनी मला पार रिकामी केले. दोन-तीन दिवसांतच मागच्या ओळीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. ज्याला विचारावे तो म्हणे, गटारीला मासे खाल्ले. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी! श्रावण न पाळणाऱ्या चार घरांसाठी सगुणाबाई आल्या, तेव्हा मागच्या ओळीतल्या रतनवहिनींनी त्यांना चाळीच्या तोंडाशीच अडवले.

"तुमच्या माशांनीच झालंय हे, मावशी. परत इकडे यायचं नाही."

"बाय, माजा म्हावरा ताजा व्हता," एवढेच सगुणाबाई म्हणाल्या. त्यांचे घर याच चाळीवर चालत होते. त्या रिकाम्या हातांनी गेल्या, कारण मला तर जप्त करून चाळ-कमिटीच्या खोलीबाहेर उपडी टाकले होते. मला फार अपमान वाटला.

पण मासळी बंद झाली तरी आजार काही थांबेना. रतनवहिनींची छोटी सान्वीसुद्धा आजारी पडली आणि तिला सलाईन लावावे लागले. तेव्हा नर्सिंग कॉलेजच्या मुली चाळीत आल्या. त्यातली प्राप्ती आजाऱ्यांच्या घरोघरी फिरून आली आणि माझ्याशेजारी उभी राहून त्यांच्या शिक्षिका दीप्ती मॅडमना म्हणाली, "मॅडम, जवळजवळ सगळ्यांनी मासे खाल्लेले. क्लिअर आहे ना?"

"जवळजवळ म्हणजे?"

"एक महिपतकाका सोडून. ते माळकरी आहेत. पण एखादा असतो ना वेगळा."

"आणि जे बरे आहेत, त्यांना विचारलंस?"

"ते आजारीच नाहीत, मॅडम."

"म्हणूनच विचार. गटारीला इथे मासे कोण खात नाही? आजारी पडलेल्यांनी खाल्ले, एवढ्याने काही कळत नाही. बऱ्या असलेल्यांनी ते कमी खाल्ले असतील, तर काहीतरी कळेल."

प्राप्तीचा चेहरा उतरला, पण ती पुन्हा निघाली. या वेळी तिने एकही दार सोडले नाही. पुढच्या ओळीनेही मासे तितकेच चापले होते आणि ती ओळ ठणठणीत होती. मग दोन ओळींत वेगळे काय होते? पाणी. मागच्या ओळीची पाइपलाइन गटारातून जात होती आणि तिचा जोड गळत होता. मासे न खाणारे महिपतकाका पाणी मात्र तेच पीत होते. गटारी बदनाम झाली, आणि दोष निघाला गटाराचा!

जोड दुरुस्त झाला. तोवर सगळे जण पाणी उकळून प्यायले आणि आजार ओसरला. मग रतनवहिनी स्वतः मला धुऊन खाडीवर घेऊन गेल्या. त्यांनी मला सगुणाबाईंच्या हाती दिले. सगुणाबाईंनी मला बाजूला ठेवले आणि आधी विचारले, "पोर कशी हाय?"

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या नर्स होतील, डॉक्टर होतील. आजाऱ्याची विचारपूस कराच, पण शेजारच्या धडधाकट माणसाचेही दार वाजवा. माझी बदनामी झाली, ती धुतली गेली. पण सगळ्यांची बोटे माझ्याकडे होती, तोवर त्या नळाकडे कोणी पाहिले नाही, आणि सान्वी तेच पाणी पीत राहिली.