पट्टीवर चढलेलं ऑइल

तापातून उठल्यावर मिस्त्रीला वास येईनासा झाला. पहिले आठ दिवस त्याला वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग एका सकाळी तो स्वयंपाकघरात खुर्ची ओढून पेपर वाचत बसला होता आणि हातभर अंतरावर गॅसवरचं दूध आटून, करपून, भांडं काळं पडलं तरी त्याला पत्ता नव्हता. बायको ओल्या केसांनी धावत आली. तिने गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"तुम्हाला खरंच काही कळलं नाही?"

"नाही."

"कधीपासून?"

"तापापासून. कुणाला बोलू नकोस."

कुणाला म्हणजे धाकट्या भावाला. गॅरेज दोघांचं होतं. भाऊ काउंटर सांभाळायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. गाडीच्या पोटात हात घालायचं काम मिस्त्रीचं. तीस वर्षं त्याचं नाव होतं ते नाकामुळे. कुठे कूलंट गळतंय, कुठे वायर तापतेय, हे त्याच्या नाकाला आधी कळायचं आणि डोळ्यांना मागून. भाऊ नव्या गिऱ्हाइकाला हमखास सांगायचा, "आमच्या दादाला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय आहे, म्हणून तर गॅरेज चालतं." हा विनोद गॅरेजइतकाच जुना होता. आता भाऊ तो सांगायला लागला की मिस्त्री बॉनेटखाली आणखी वाकायचा.

वासाबरोबर चवही गेली. जेवण म्हणजे मऊ, कडक, गरम, गार एवढंच उरलं. बायको डॉक्टरकडे चला म्हणून सांगून थकली. तो पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिला. रात्रभर झोपूनही सकाळी अंग कालच्याइतकंच थकलेलं वाटायचं. त्यात कुठे जाऊन कुणाला काही सांगायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं.

अशातच एका दुपारी सिस्टर गाडी दाखवायला आली. ती घरोघर जाऊन पेशंट बघायची. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन, कुणाची नळी बदलायची. दिवसाला दहा-बारा घरं, आणि एका घरापासून दुसरं घर जेमतेम दोन किलोमीटरवर. अर्धा वेळ बॅटरीवर चालते म्हणून तिने हायब्रिड गाडी घेतली होती. गाडीचं सगळं काम पहिल्यापासून मिस्त्रीच करत होता.

"काही झालं नाहीये," ती म्हणाली. "दोन दिवस सुट्टी मिळाली, म्हटलं नजर टाकून घ्या."

मिस्त्रीने ऑइलची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. ऑइल वरच्या खुणेच्या अर्धं बोट वर होतं. तीन महिन्यांपूर्वी त्याने स्वतः बरोबर खुणेपर्यंत भरलं होतं. सवयीने त्याने पट्टी नाकाशी नेली. काहीच नाही. पट्टी पाण्यात बुडवलेली असती तरी तेवढंच कळलं असतं.

"वाढलंय का?" सिस्टरने विचारलं. "मी तर काही टाकलं नाही त्यात."

ऑइल आपोआप वाढत नसतं, हे त्याला कळत होतं. भावाला हाक मारायची, जरा वास घे म्हणायचं, एवढंच करायचं होतं. पण मग तुला काय झालं, असं तो विचारणार. मिस्त्रीने पट्टी पुसून जागेवर खोचली.

"गाडी जरा उतारावर उभी आहे," तो म्हणाला. "त्याने वर दिसतं. ठीक आहे सगळं."

गॅरेजची फरशी सपाट होती. सिस्टरने एकदा खाली पाहिलं. तो म्हणाला म्हणजे ठीक असणार, असं समजून ती गेली.

दीड महिन्याने एका सकाळी गाडी टोचन लावून आली. आदल्या संध्याकाळी वाटेत डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला होता आणि इंजिनातून खडखड येत होती. दिवा लागल्याबरोबर सिस्टरने गाडी बाजूला घेऊन बंद केली होती, तेवढं नशीब. भावाने बॉनेट उघडून पट्टी ओढली. ऑइल आणखी वर चढलं होतं, आणि पट्टीवरून पाण्यासारखं टपटप खाली पडत होतं. भावाने पट्टी नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"दादा, अरे हे पेट्रोल आहे नुसतं."

आता मिस्त्रीला सगळं लख्ख कळत होतं. बॅटरी उतरली की इंजिन चालू व्हायचं, मिनिट-दोन मिनिटं चालायचं, तापायच्या आत बंद व्हायचं. गार इंजिनात सगळं पेट्रोल जळत नाही; थोडं पिस्टनच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. इंजिन नीट तापलं की ते उडून जातं. सिस्टरचं इंजिन कधी तापतच नव्हतं. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे, दिवसातून दहा-बारा वेळा, गारच्या गार. पट्टीवर वाढलेलं ते ऑइल नव्हतंच. आणि पातळ ऑइल बेअरिंगला सांभाळत नाही.

"मागच्या वेळी तू बघितलं होतंस ना?" भाऊ म्हणाला. "तेव्हा वास नाही आला?"

"नाही आला."

"असं कसं? तुला तर—"

"मला वास येत नाही. आठ महिने झाले."

भाऊ पट्टी हातात धरून उभा राहिला. ऑइल त्याच्या बुटावर टपकत होतं.

"आणि तू मला आज सांगतोस."

"हो."

भावाने पट्टी पुसून जागेवर खोचली. मग त्याने काउंटरवरचा गोड आवाज काढला. "बरं. तिला काय सांगायचं ते मी सांगतो. एवढ्या छोट्या चकरा मारल्या की या गाड्यांत हे होतंच. खोटं नाहीये ते."

"खोटं नाही," मिस्त्री म्हणाला. "पण पूर्णही नाही. मी सांगतो."

सिस्टर संध्याकाळी चालत आली. बाकावर बसून तिने आधी बूट-मोजे काढले. मोज्यांच्या रबराचे वळ घोट्यांवर उमटले होते. मिस्त्री समोर उभा राहिला. पेट्रोल ऑइलमध्ये कसं उतरतं ते त्याने सांगितलं. मग दीड महिन्यापूर्वी ऑइल वर दिसलं होतं, आपल्याला शंकाही आली होती, आणि फरशी उतरती नाही हे माहीत असून आपण तसं बोललो, हेही सांगितलं. नाकाचं शेवटी सांगितलं. ते आधी सांगितलं असतं तर सबब वाटली असती.

तिने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"काल माझा शेवटचा पेशंट म्हातारा होता," ती म्हणाली. "पाठीला जखम आहे. ड्रेसिंग भिजलं की आग होते, त्याला कूस बदलता येत नाही. त्याची सून दर दहा मिनिटांनी फोन करत होती. मी दोन तास रस्त्याच्या कडेला उभी होते."

माफ करा म्हणावं, तर तो शब्द मिस्त्रीला फार हलका वाटला. तरी तो म्हणाला, "चुकलं माझं."

"हो," ती म्हणाली. मग बूट घालता घालता तिने विचारलं, "डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही अजून."

"आठ महिने." तिने मान हलवली. "आमच्याकडे असेच येतात सगळे. शेवटी." तिने चिठ्ठीवर कान-नाक-घशाच्या डॉक्टरचा नंबर लिहून बाकावर ठेवला. "मला माझी गाडी पाहिजे. लवकरात लवकर."

इंजिन खाली उतरवायला एक दिवस गेला. बेअरिंगवर चरे पडले होते, पण क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, वाचला होता. मिस्त्री चार दिवस त्यावर खपत होता. भाऊ कामापुरतं बोलायचा. हातात पाना द्यायचा, दिवा धरायचा. चौथ्या दिवशी जेवताना तो डब्याकडे बघत म्हणाला, "वहिनीला माहीत होतं?"

"होतं."

"मग मी काय गावचा पाहुणा आहे?"

"तुझा तो विनोद," मिस्त्री म्हणाला. "तू रोज सांगायचास."

भावाने घास खाली ठेवला. त्यानंतर त्याने तो विनोद कुणाला सांगितला नाही, आणि मिस्त्रीला त्याचंही वाईट वाटलं.

डॉक्टरने नाकात नळी घालून तपासलं आणि म्हणाला, येईलही, न येईलही. लवकर आला असतात तरी हेच सांगितलं असतं. नाकाला पुन्हा सवय लागावी म्हणून लवंग, लिंबू अशा चार वासांच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ हुंगायला सांगितल्या. बायको पुढ्यात बाटल्या मांडायची. तो शहाण्यासारखा एकेक हुंगायचा आणि नाही म्हणायचा. कधीतरी एकीतून काहीतरी आल्यासारखं वाटायचं, पण तो सांगायचा नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते नसायचं.

कामाची रीत बदलली. हायब्रिड आली की मिस्त्री आता पातळी वहीत लिहायचा, मागची पातळी बघायचा, पट्टीवरचा थेंब कागदावर टाकून तो किती पसरतो ते बघायचा, आणि मग न लाजता हाक मारायचा, "अरे, वास घे." भाऊ यायचा, घ्यायचा, हो किंवा नाही म्हणायचा, परत जायचा. छोट्या चकरांच्या गाड्यांचं ऑइल ते आता निम्म्या मुदतीत बदलायला लागले.

सिस्टर तीन महिन्यांनी आली. दर रविवारी तासभर गाडी हायवेवर न्यायची, इंजिन चांगलं तापू द्यायचं, असं मिस्त्रीने तिला सांगून ठेवलं होतं. ती नेत होती.

"आठवड्यात एक तास मोकळा मिळतो," ती म्हणाली, "तो मी तुमच्या इंजिनाला देते."

तो ऑइल काढायला खाली वाकला आणि वर न बघता त्याने विचारलं, "ते म्हातारे कसे आहेत? पाठीची जखम होती ते."

"गेले ते. महिना झाला."

मिस्त्रीचा हात बोल्टवर थांबला.

"त्या दिवसाचा काही संबंध नाही," ती म्हणाली. "वय होतं त्यांचं."

ती खरं सांगत होती की त्याच्यासाठी तसं म्हणत होती, हे त्याला कळलं नाही, आणि विचारायचं धाडसही झालं नाही. त्याने बोल्ट सोडला. काळं ऑइल पातेल्यात पडायला लागलं.

"पुढचा पेशंट चार वाजता आहे," सिस्टर बाकावर टेकून म्हणाली. "डोळा लागला तर उठवा."

तिचा डोळा लगेच लागला. मान एका बाजूला कलली, पर्स मांडीवरून घसरायला लागली. मिस्त्रीने हात पुसून ती अलगद बाजूला ठेवली. भाऊ काउंटरवरून मोठ्याने फोनवर बोलत होता, त्याला त्याने हाताने हळू बोलायची खूण केली. मग नवं ऑइल भरलं, पट्टी दोनदा ओढून पाहिली, पातळी वहीत लिहिली आणि पावणेचारला तिला उठवलं.