व्यसन : नाही

ह्यांच्या केसपेपरवर ‘व्यसन’पुढे प्रत्येक काउंटरवाल्यानं आधी ‘तंबाखू’ लिहिलं आणि मी डोळे वटारल्यावर खोडलं. तीन महिने हेच चाललंय. मानेला गाठ, टॉन्सिलला कॅन्सर, म्हणजे तंबाखू खाल्लीच असणार. आता डोळे वटारायचाही कंटाळा येतो.

आमचे हे, ज्ञानदेव, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहतीस वर्षं होते. आत काडेपेटी न्यायला बंदी, म्हणून तिथली माणसं तंबाखू मळायची. हे मळणाऱ्याच्या पुढ्यात उभे राहून ‘आधी थुंका’ म्हणायचे. स्वतःच्या निरोपसमारंभातही त्यावरच बोलले. सगळ्यांचा चहा गार झाला.

हा एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे झालेला कॅन्सर आहे, असं डॉक्टर तेजस्विनींनी सांगितलं. शरीरसंबंधातून पसरतो, बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो, एखाद्याच्या अंगात राहतो आणि वीस-तीस वर्षांनी असा वर येतो. उपचारानं बरं होण्याची शक्यता चांगली आहे, म्हणाल्या.

मी विचारलं, “पण आला कुठून?”

“कधी, कुणाकडून, ते कुणीच सांगू शकत नाही. तुमच्याकडूनही आला असेल, काकू. आणि नातीला लस द्या. अकरा वर्षांची आहे ना? हेच वय.”

रिक्षात मी मनातल्या मनात वर्षं मोजत होते. ह्यांच्याआधी माझं एक लग्न झालं होतं. तो नवरा आठ महिन्यांत अपघातात गेला. सासूसासरे गेल्यापासून हे फक्त ह्यांना ठाऊक. मुलाला आम्ही कधी सांगितलं नाही, मग सुनेला कुठून.

त्याच आठवड्यात हडपसरहून संभाजी आले, कारखान्यातले जुने सोबती, ह्यांनी कित्येकदा थुंकायला लावलेले.

“अरं ज्ञानदेवा, तू तर तंबाखूला कधी शिवला न्हाईस. मग ह्ये कसं?”

“खायचो,” हे म्हणाले. “चोरून.”

संभाजींना वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं असावं. जाताना पायऱ्या भराभर उतरले.

मी भडकले. “जन्मभर लोकांना थुंकायला लावलंत आणि आता हे?”

“विषाणू म्हटलं की कुठून आला विचारतील. मग तुझं सगळं उकरून काढतील. तंबाखू म्हटलं की विषय संपतो.”

मी कपबशा विसळल्या आणि विसळताना रडले.

मग रेडिएशन सुरू झालं. घसा इतका सोलवटला, की पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. बोलणं बंद. नात स्वरालीची जुनी पाटी ह्यांच्या उशाशी आली.

रविवारी सून आली. मी लसीचं काढलं.

“आई, बाबांना तंबाखूनं झालं ना?” चैताली म्हणाली. “संभाजीकाका सगळीकडे सांगत सुटलेत. मग स्वरालीला कशाला उगाच इंजेक्शन? व्हॉट्सॲपवर काय काय येतं त्या लसीबद्दल. नाही द्यायची, असं आम्ही ठरवूनच टाकलंय.”

ह्यांनी घाईघाईनं पाटी ओढली. ‘तं’ एवढंच लिहून झालं होतं. मी ती हातातून काढून घेतली आणि पदरानं पुसली. फार थकले होते मी. खोटं सांभाळायलाही अंगात बळ लागतं.

सगळं सांगितलं. विषाणू, लस, डॉक्टर काय म्हणाल्या ते.

चैतालीनं ह्यांच्याकडे बघितलं. हळूच विचारलं, “मग बाबांना... कुणाकडून?”

“ते कळत नाही. माझ्याकडूनही असेल. ह्यांच्याआधी माझं एक लग्न झालं होतं.”

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, “शनिवारी नेते तिला.”

ह्यांनी पाटीसाठी हात पुढे केला. आता माझ्यावर चिडून काहीतरी लिहिणार, असं वाटलं. अक्षर जुनंच, टपोरं. लिहून झाल्यावर पाटी चैतालीकडे धरली.

‘व्यसन : नाही.’