कानी, पानी

मार्गशीर्षातली सोनसळी, संथ, रुक्ष दुपार माणदेशावर पसरली होती. माळ पिवळा, टेकड्या पिवळ्या, ओढ्याच्या कोरड्या पात्रातली वाळूही पिवळीच. ऊन सांडलेलं, साकळलेलं, सुस्तावलेलं. अशा त्या पीतवर्णी निःशब्दात काळी लोकर अंगणभर वाळत पडली होती आणि तिच्या मधोमध, चरख्यापाशी, हौसा बसली होती. चरखा थंड होता. हौसा मात्र पेटली होती.

पेटली होती धाकट्या जावेवर. मृणाल! त्या नावातसुद्धा मेला तो ण बसलेला. टपोरा, ऐटबाज, मिरवणारा. हौसाच्या जिभेवर तो कधी वळलाच नाही. ती जावेला मृनाल म्हणे. तिचं माहेर, तिची आई, तिचं सारं गणगोत पानी, लोनी, कोन, आनि म्हणत जन्मलं आणि तसंच म्हणत मातीत गेलं. कुणाचं काही अडलं नव्हतं.

आईनं जाताना मागं सोनं ठेवलं नाही, एक ओवी तेवढी ठेवली. ती आईची आणि तिच्यानंतर हौसाची. लोकर कातताना, चरख्याच्या घरघरीवर, श्वासाच्या लयीवर हौसा ती गात असे:

निजली गं लेक माजी, वारा सांगतो गं कानी
कोरड्या ओढ्याला आलं पावलापावलानं पानी

कानीचा हात पानीनं धरायचा आणि दोघींनी मिळून ओढा ओलांडायचा, अशी ती ओवी.

एका सकाळी हौसानं ती मोबाईलवर टाकली, हौसेनं टाकली. आणि खाली अनोळखी माणसं लिहीत सुटली. 'आवाज बरा आहे ताई, पण आधी ण शिका.' 'पाणी हो, पाणी! पानी हिंदीत असतं.' 'मराठीची पार वाट लावली.' हौसा अक्षर अक्षर लावून वाचत राहिली.

एवढ्यावर निभावतं तरी चाललं असतं! पण मृणाल पडली साताऱ्याची, शाळेत बाई होती. घरच्या ओवीचं नाव राहावं म्हणून तिनं तीच ओवी गाऊन टाकली. मोरपंखी साडी, केसांत अबोली, मांडीवर तान्ही लेक. तिच्या तोंडी पाणी आलं. शुद्ध, स्फटिकशुभ्र, नितळ पाणी! कानी आणि पाणी यांची जोडी लंगडली, पण ते ऐकतो कोण? 'अहाहा!' 'काय ते उच्चार!' 'अस्सल गावरान गोडवा!' अस्सल म्हणे!

हौसा जळली. उगीच झाकायचं कशाला, जळून कोळसा झाली. जावेच्या साडीवर जळली, अबोलीवर जळली, तिच्या जिभेच्या शेंड्यावर जळली. जेवताना मृणालनं नुसतं 'अक्का, लोणी वाढू?' विचारलं, तरी हौसाला तो ण आपल्याच पानात वाढल्यासारखा वाटे. ती न जेवता उठे.

मग तिनं हट्ट धरला. लोकर कातता कातता जीभ टाळूला लावायची, मागं वळवायची, आपटायची. पाणी. राणी. लोणी. जीभ दुखली, पण ण आला. आला तो असा आला की जायचं नाव घेईना! जिथं तिथं ण. ण म्हणजे शुद्ध ना? मग घ्या! पाळण्यात जावेची लेक घालून, पदर सावरून, तिनं ओवी पुन्हा गायली, पुन्हा टाकली.

वारा सांगतो गं काणी.

अगं बाई, काणी! लोकांना तेवढंच हवं होतं. 'बाळ काणी आहे का हो?' 'डोळ्याच्या डॉक्टरला दाखवा!' हसण्याचा नुसता पाऊस पडला. मागावर घोंगडी विणणाऱ्या नवऱ्यानं मोबाईलमधला आवाज ऐकून हात थांबवला आणि भोळेपणानं विचारलं, "ही कोन बाई गातीया गं?"

लोकांचं हसणं तिनं सोसलं असतं. हे सोसवलं नाही. चरखा थांबला, ओवी थांबली, हौसा मुकी झाली. आता आईचा आवाज आपल्याबरोबरच जाणार, हे तिला लख्ख कळलं आणि तिचं काळीज तुटलं.

दिवेलागण झाली. केशरी, करडी, काजळी सांज माळावरून उंबऱ्याशी आली. आत पाळणा करकरत होता. हौसाची ओवी बंद झाल्यापासून लेक निजत नव्हती. रडून रडून लालबुंद झाली होती. मृणाल गात होती, शुद्ध गात होती. पाणी आलं की लेक टक्क डोळे उघडी. भिंतीआड बसलेल्या हौसाला बरं वाटलं. वाटू नये, पण वाटलं.

मग आत आवाज बदलला. मृणाल काहीतरी शोधत होती, चाचपडत होती. "पावलापावलानं पा... पा... पाणी." पुन्हा. "पा... पाणी." सवयीची जीभ पुन्हा पुन्हा मागंच वळत होती. साताऱ्याच्या शाळेतल्या बाईला पानीतला एक साधा न येत नव्हता! हौसाला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात डोळे भरले.

ती आत गेली. मृणालही रडत होती.

"अक्का, जळते हो मी तुमच्यावर."

"माज्यावर? माज्यात काय हाय जळन्यासारखं?"

"हिची झोप."

हौसानं पाळण्याची दोरी हातात घेतली. जीभ जिथं जन्मापासून टेकत होती तिथंच टेकली, दातांमागं. कानी आला. पानी आलं. पावलापावलानं आलं, कोरड्या वाळूतून झुळझुळत, सुळसुळत आलं, आणि लेकीच्या पापण्या मिटल्या. मागावरून नवरा म्हणाला, "आत्ता कशी आमची हौसा गातीया!"

"अक्का, मी मोबाईलवर घेतलंय. टाकू?"

"टाक. हाय तसं टाक."

क्षणात खाली पहिला शहाणा उगवला: 'ताई, पाणी.'

हौसानं मोबाईल मागून घेतला. उजेडाच्या त्या इवल्या चौकटीत तिचं लोकरीनं काळं पडलेलं बोट अक्षरं शोधत फिरलं. ण दिसला, टपोरा, ऐटबाज, मिरवणारा. बोट त्याच्यावर घटकाभर थांबलं, आणि पुढं गेलं.

बाहेर ओढा कोरडा होता, आत लेक गाढ निजली होती, आणि हौसानं सावकाश, न चुकता लिहिलं: पानी.