पूजेचा कोपरा

मित्रांनो, वरून नवा दिसणारा आणि आतून पार थकलेला असा मी एक जुना मोवर आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडला एका मंगल कार्यालयाच्या मागे, आचाऱ्यांच्या चुलाणाशेजारी मी उभा आहे. माझ्या अंगावर लालभडक रंग आहे. तो मला शोभतो असं सगळे म्हणतात. म्हाताऱ्याला नवरदेवाचा फेटा बांधला तर तोही शोभतोच, म्हणून काही त्याचे गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

मोवर म्हणजे काय हे आधी सांगतो, कारण मला विकत घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते ठाऊक नसतं. मी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचा. पोलादी पत्र्याचं एक रुंद झाकण, त्याच्या पोटात ओळीने तीन पाती, कोपऱ्यांना चार लहान चाकं आणि पाठीवर गिअरबॉक्स. ट्रॅक्टरच्या मागचा दांडा फिरला की गिअरबॉक्स फिरतो, तो पट्ट्याला फिरवतो, पट्टा पात्यांना फिरवतो आणि खालचं गवत एकसारखं कापलं जातं. माझं काम मऊ गवताचं. काटेरी झुडपं आणि जोंधळ्याची धसकटं कापायला दुसरी अवजारं असतात. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माणसं विसरतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या आठवतात आणि ट्रकमधला लांबचा प्रवास आठवतो. मला आणलं मल्लिनाथ मालकांनी. त्यांनी आईच्या नावाने 'पार्वतम्मा लॉन्स' नावाचं कार्यालय काढलं होतं आणि समोर मोठी हिरवळ लावली होती. ट्रॅक्टर चालवायला जोतीराम होता. तो मंगळवेढ्याकडचा, बोलणं कमी. काम झालं की तो मला उचलून खालचं ओलं गवत खरवडून काढायचा, ग्रीस द्यायचा आणि पात्यांना धार लावायचा.

ते दिवस चांगले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मी हिरवळीवरून फिरायचो आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाडी चपला काढून गवतावर बसायचे. "काय हिरवळ राखलीया मल्लिनाथअण्णांनी," असं लोक म्हणायचे. मल्लिनाथअण्णा म्हणायचे, "पाणी चांगलं हाय आमचं." माझं नाव कुणी घेतलं नाही. मला वाईट वाटायचं, पण काम असलं की वाईट वाटायला वेळ मिळत नाही.

वर्षातून एक दिवस मात्र माझा असायचा. खंडेनवमीला, म्हणजे अवजारांच्या पूजेच्या दिवशी, अव्वा, मालकांच्या आई पार्वतम्मा, स्वतः यायच्या. त्या माझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायच्या. कपाळ म्हणजे समोरचा पत्रा. मग हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि शेवटी माझ्या डाव्या कोपऱ्यावर नारळ फोडायचा. नेहमी डावाच कोपरा, कारण पहिल्या वर्षी तिथे फोडला आणि ते वर्ष भरभराटीचं गेलं. नारळाच्या घावाने तिथला रंग उडाला. नारळाचं पाणी पत्र्यावर सांडायचं आणि तिथेच मुरायचं. जोतीरामने एकदा फडकं घेतलं, तर अव्वा म्हणाल्या, "पुसू नगं. देवाचं हाय ते." हारसुद्धा आपोआप गळून पडेपर्यंत तसाच राहायचा आणि त्याखाली कोपरा ओला राहायचा. मला काय, मी खुशीत होतो. ज्याला वर्षभर कुणी विचारत नाही, त्याला एक दिवसाचं कौतुक पुरतं.

पुढे गाड्या वाढल्या आणि शेजारचं जोंधळ्याचं रान गाड्या लावायला घेतलं. धसकटं काढायची होती. जोतीराम म्हणाला, "मालक, हे ह्याचं काम न्हाय." मालक म्हणाले, "पातं हाय ना त्याला? मग कापंल की." मी कापलं. दगडावर आपटून एक पातं वाकलं, बेअरिंग गेलं. जोतीरामने दोन्ही बदलली. त्या दुखण्यातून मी उठलो.

ज्यातून उठलो नाही ते दुखणं वेगळंच होतं. मालकांनी हिरवळ काढून तिथे प्लॅस्टिकचं गवत अंथरलं. ते वाढत नाही, वाळत नाही आणि त्याला पाणीही लागत नाही. मग माझी काय गरज? गरज सरो आणि वैद्य मरो. ट्रॅक्टर गेला. जोतीराम कार्यालयाची गाडी चालवू लागला. मी चुलाणामागे आलो. तिथे भांडी घासलेलं पाणी माझ्या चाकांखालून वाहायचं. खंडेनवमीला अव्वा काठी टेकत तिथेही यायच्या आणि डाव्या कोपऱ्यावर नारळ फोडायच्या.

यंदा पाऊस सरता सरता मालकांनी मला विकायचं ठरवलं. एक रंगारी आला. त्याने डाव्या कोपऱ्यात पुट्टी भरली, घासून सारखी केली आणि वरून हा लाल रंग मारला.

मग बघणारे येऊ लागले. मित्रांनो, जुनी वस्तू बघायची माणसांची रीत मला अजून कळलेली नाही. एकाने माझ्या चाकाला लाथ मारली आणि समजल्यासारखी मान हलवली. एकाने विचारलं, "ॲव्हरेज किती देतो?" मी डिझेल पीत नाही, पितो तो ट्रॅक्टर, पण त्याला कोण सांगणार? एकाने माझ्याबरोबर फोटो काढला आणि गेला. रंग सगळ्यांनी बघितला. खाली वाकून पोट मात्र कुणी बघितलं नाही. मला तर वाटू लागलं होतं की आता भंगारवालाच येईल. तो तरी नीट बघतो.

आणि मग चंद्रिकाबाई आल्या. अक्कलकोटच्या पुढे, सीमेलगतच्या एका गावात त्या शाळेत खेळ शिकवतात. सोबत त्यांचे यजमान राजशेखर होते, आपला लहान ट्रॅक्टर घेऊन आलेले. शाळेच्या मैदानावर पावसाने कमरेएवढं गवत माजलं होतं. त्यात साप निघाला आणि आईबापांनी पोरींना सरावाला पाठवणं बंद केलं. पोरी पोलीस भरतीसाठी पळायच्या. गावाने वर्गणी काढून चंद्रिकाबाईंना पाठवलं होतं.

"एकदा फसलोय अण्णा," त्या मालकांना म्हणाल्या. "मागल्या साली एक मशीन घेतलं, ते महिन्यात बसलं. आता पुन्हा फसले तर गाव मैदानासाठी कुणाला काय देणार न्हाय. म्हणून जरा वेळ लागंल बघायला."

"बघा की सावकाश," मालक म्हणाले. "आपल्या मालात खोट न्हाय. विचारा ह्या जोतीरामाला."

जोतीराम जमिनीकडे बघत राहिला.

राजशेखरांनी मला ट्रॅक्टरला जोडून उचललं, खाली लाकडाचे ठोकळे लावले आणि ट्रॅक्टर बंद केला. चंद्रिकाबाई पदर खोचून खाली वाकल्या. माझ्या पोटाखाली बाहेरचं माणूस पहिल्यांदाच बघत होतं. त्यांनी गिअरबॉक्सचं तेल काडी बुडवून बघितलं. पट्ट्याला चिरा आहेत का ते बोटाने चाचपलं. मग एकेक पातं हाताने फिरवलं आणि वर-खाली ओढून बघितलं. उजवं घट्ट. मधलं घट्ट. खरं सांगतो, मला आशा वाटू लागली. मला पुन्हा गवतात जायचं होतं. पोरी धावतात त्या मैदानावर सकाळी फिरायचं होतं. मनातल्या मनात मी म्हणत होतो, बाई, आता उठा, झालं बघून.

त्यांनी डावं पातं ओढलं. पातं घट्टच होतं, पण त्याच्याबरोबर वरचा पत्रा हलला.

त्या उठल्या आणि बाजारात मडकं घेताना वाजवून बघतात तशी माझी पाठ बोटाच्या सांध्याने वाजवत निघाल्या. टण, टण, टण. डाव्या कोपऱ्याशी आल्या आणि आवाज बदलला. ठप.

"रंग ओला असंल अजून," मालक म्हणाले.

"ओला रंग हाताला लागंल अण्णा. आवाज कसा बदलंल?"

मागच्या पायरीवर पार्वतम्मा फुलं निवडत बसल्या होत्या. दोन दिवसांवर खंडेनवमी आली होती. त्यांना वाटलं, पाहुणी त्या कोपऱ्याचं कौतुकच करते आहे. त्या अभिमानाने म्हणाल्या, "तो कोपरा लई चांगला हाय यव्वा. दरसाल तितंच नारळ फोडतो आमी."

चंद्रिकाबाईंनी वळून बघितलं. "आणि फोडल्यावर पुसता का अव्वा?"

"देवाचं पाणी कसं पुसायचं?"

चंद्रिकाबाईंनी ट्रॅक्टरमधला पेचकस मागून घेतला. "खरवडू का अण्णा?" त्यांनी विचारलं. मालकांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पेचकस टेकवून त्यांनी जरासा दाबला आणि पुट्टीचा पापुद्रा निघून खाली पडला. माझ्या पाठीला भोक होतं. त्यातून खालची जमीन दिसत होती.

"वेल्डिंग मारून घेऊ की," राजशेखर म्हणाले. त्यांना मैदानाची घाई होती.

"कशाला मारणार? भवतीनं पत्रा कागदागत झालाय." चंद्रिकाबाईंचा आवाज चढला नाही, पण बोलणं जड झालं. "डाव्या पात्याचा सगळा भार ह्याच पत्र्यावर हाय. चालता चालता फाटला, तर ते पातं कुटं जाईल? आपलं मैदान रस्त्याला लागून. पोरं बघायला उभी राहत्यात. न्हाय नेता यायचा हा मला."

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. इतके दिवस कुणी नीट बघत नाही म्हणून मी कुढत होतो, आणि जिने नीट बघितलं तिनेच मला नाकारलं. पण त्या पोरी डोळ्यांपुढे आल्या आणि मी गप्प झालो. तिच्या जागी मी असतो तर मीही मला घेतलं नसतं.

जाताना चंद्रिकाबाई मालकांना म्हणाल्या, "गिअरबॉक्स झकास हाय अण्णा, पाती चांगली हायत. भोक हाय ते सांगून विका. कुणी सगळा पत्रा बदलून घेणारा भेटंल, न्हायतर न्हाय भेटणार." मग त्या अव्वांच्या पाया पडल्या. त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. ट्रॅक्टर आला तसा मोकळाच परत गेला. सराव सुरू व्हावा म्हणून गावातली माणसं आता विळे घेऊन मैदान कापणार होती.

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेल्यावर मालक जोतीरामला म्हणाले, "सांजच्याला पुट्टी भरून घे. उद्या दुसरं गिऱ्हाईक यायचं हाय."

जोतीराम जागचा हलला नाही. एवढ्यात काठी टेकत पार्वतम्मा माझ्यापाशी आल्या. त्यांना कमी दिसतं. त्यांनी हाताने चाचपत तो कोपरा शोधला. त्यांचं बोट भोकातून आत गेलं आणि तिथेच थांबलं.

"अव्वा, गंज हाय तो, हाताला लागंल," मालक म्हणाले.

"हे माझ्या नारळानं झालं व्हय?"

मालकांनी जोतीरामकडे बघितलं. जोतीराम म्हणाला, "नारळानं न्हाय अव्वा. न पुसल्यानं."

अव्वांनी बोट काढून घेतलं. "पुट्टी भरायची न्हाय मल्लू," त्या म्हणाल्या. "भोक मी पाडलंय. ते झाकून दुसऱ्याच्या पोरांच्या अंगावर घालायचं न्हाय. उघडं राहू दे."

मालकांनी मान खाली घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन केला. भोक आहे हे सांगितलं. ते गिऱ्हाईक आलं नाही.

आज खंडेनवमी. सकाळी अव्वा आल्या. विभूती लावली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. मग नारळ घेऊन त्या वळल्या आणि चुलाणाजवळच्या दगडावर त्यांनी तो फोडला. माझ्या अंगावर चार थेंब उडाले, तेवढेच. त्यांनी कमरेचा जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि मला पुसायला लागल्या. समोरचा पत्रा, गिअरबॉक्स, चाकं आणि सगळ्यात शेवटी तो डावा कोपरा. लुगड्याचा तुकडा काळा झाला.

"आता पुसून काय उपेग रं जोतीरामा?" त्यांनी विचारलं.

"पुसा की अव्वा," जोतीराम म्हणाला.

दिवस मावळताना त्यांनी त्याला परत हाक मारली आणि हार उतरवायला सांगितला. पाणी शिंपडलेली फुलं अजून ओली होती.

मित्रांनो, तुमच्या घरी शिलाई मशीन असेल, सायकल असेल, पाण्याची मोटर असेल. त्यांना हार जरूर घाला. आम्हाला तो आवडतो. पण संध्याकाळी उतरवा आणि फडकं फिरवा. आणि माझ्यासारखा कुणी जुना विकत घ्यायला गेलात, तर रंगाकडे बघून भुलू नका. खाली वाका, वाजवून बघा, आणि त्याची पूजा कुठे व्हायची ते विचारा.

माझं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. कुणी पत्रा बदलून नेईल, नाहीतर भंगारवाला नेईल. जो येईल त्याला आधी भोकच दिसेल. मी थकलो आहे. पण आजची रात्र मी कोरडा आहे.