गरम जागेवरचं पान

"उघडलं! उघडलं!"

तोक्सुनआजीच्या खोलीत अख्खी गल्ली दाटून बसली होती आणि भगतिणीने आजीपुढे ठेवलेल्या फांदीवरची, विडीसारखी वळलेली पानं खरंच उलगडत होती. मग आजीच्या लेकीपुढची उलगडली. दाराशी बसलेल्या सुनेपुढची, यॉनसिलपुढची, मिटलेलीच.

भगतिणीने घंटा खुळखुळवली. "डोंगरदेव पापिणीला तोंड दाखवत नाही! हिच्यामुळंच पोर तापलंय. पोर ठेवा आणि हिला आत्ताच्या आत्ता माहेरी धाडा!"

यॉनसिलने बाळ छातीशी आवळलं. "अंगावर पितंय हो ते अजून..."

आजीने मान फिरवली.

मी शेजारीण, डोंगरावरची औषधी मुळं खणणारी. आमच्या पेक्तू डोंगरावर झाडं संपतात तिथं या फांद्यांचं झुडूप दगडांना बिलगून गुडघाभर वाढतं, बर्फ ओसरताना फिकट पिवळं फुलतं. गावाने ते फुललेलंच पाहिलंय. हिवाळ्यात वर कोण मरायला जातंय? मी एकदा पहिल्या बर्फात सापडले होते, तेव्हा त्याच्या फांद्या घरी आणल्या होत्या.

चुकले असते, तर यॉनसिलच्या मागोमाग माझीही वरात निघाली असती. तरी बोलले, "आजी, जागा बदला. तुम्ही दाराशी, ती तुमच्या जागी."

आमच्याकडे चुलीची धग फरशीखालून फिरते. चुलीकडची गरम जागा वडीलधाऱ्यांची, दाराच्या फटीतला वारा सुनेचा.

"रीतभात शिकवली नाही का गं तुला?" आजी कडाडली.

"शिकवली की! म्हणून तर सत्तावीस वर्षं दाराशी बसून गुडघे गेले."

कुणीतरी फिसकन हसलं.

"जागा बदलली तर देव कोपेल!" भगतीण किंचाळली.

"देवाला फरशीचं काय गं?" म्हणत आजी उठली.

भगतिणीने फांद्यांची टोपली बाहेर बर्फात ठेवली होती. तिच्यातल्या दोन ताज्या फांद्या मी दोघींपुढे ठेवल्या. कितीतरी वेळ काहीच होईना. बाळ कण्हत होतं. मग यॉनसिलपुढचं एक पान सैल झालं, पसरलं, मग दुसरं. आजीपुढची फांदी तशीच मिटलेली.

आजीचा चेहरा उतरला. "म्हणजे... मी पापीण?"

"तुम्ही गारठलात, एवढंच. कडाक्याच्या थंडीत ते पान स्वतःला गुंडाळून घेतं, ऊब लागली की उघडतं. त्याला पाप कुठलं कळायला?"

भगतीण टोपली टाकून निघाली, एका पायात दुसऱ्याच कुणाचा तरी जोडा.

यॉनसिल उठू लागली, तशी आजी खेकसली, "बस तिथंच, पोराला घेऊन! आणि डॉक्टरांना कोण आणतंय?"

बायांनो, चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी एकदा जागा बदलून बघा.