हिवाळ्यात लिहिलेली वही

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये, असा कायदा असायला हवा होता. तो नव्हता, म्हणून निरीक्षकसाहेबांचं फावलं. चौतीस वर्षं दुकानदारांच्या तराजूंवर संशय घेण्यात गेली. आता संशय घ्यायला घरात उरली होती एकटी बायको.

निमित्तही भक्कम होतं. लेकीचं बाळंतपण उन्हाळ्याच्या तोंडाशी होतं आणि बायको दोन महिने तिच्याकडे जाणार होती. "तुम्हाला साधा चहा येत नाही," बायको म्हणाली. "तुमचे जेवणाचे हाल होतायत असं कानावर आलं, तर मी तिथे एक दिवस राहणार नाही. सांगून ठेवते." लेकीला आई हवी होती, आणि आईने तिथे निर्धास्त राहावं असं साहेबांना मनापासून वाटत होतं. मन चांगलंच होतं त्यांचं. पद्धत तेवढी खात्याची होती.

अख्खा हिवाळा त्यांनी बायकोच्या स्वयंपाकाची तपासणी केली. तिने मिठाची चिमूट उचलली की मागून आरोळी यायची, "थांब! बोटं सोडू नकोस!" चिमूट आधी काट्यावर, मग भांड्यात.

"अहो, अंदाजाने घालते मी."

"अंदाजावर मी आजवर एक दुकान सोडलं नाही!"

तोवर फोडणी जळून कोळसा. मटार, फ्लॉवर, गाजर, पालक. प्रत्येक पदार्थ तीनदा करून, घड्याळ लावून, पानाच्या तळाशी बायकोची सही घेऊन एकेचाळीस कृतींची वही तयार झाली. त्या तीन महिन्यांत घरात एक घास धड चवीचा शिजला नाही, पण त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

बायको गेली. दुसऱ्या दिवशी साहेब वही काखोटीला मारून बाजारात हजर.

"चारशे ग्रॅम मटार."

"मटार?" भाजीवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काका, मटार संपून महिना झाला."

"फ्लॉवर?"

"किडका आहे. तुम्हाला नाही देणार."

"पालक?"

"उन्हाने गेला. भोपळा घ्या, मका घ्या. टोमॅटोचा तर ढीग पडलाय."

साहेबांनी वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "यांची कृती नाही माझ्याकडे."

"भोपळ्याला कुठे ठाऊक आहे ते!" भाजीवाली म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

साहेब रिकाम्या पिशवीने परतले आणि चार दिवस दूध-पावावर काढले. पाचव्या दिवशी थोरल्या बहिणीचा फोन आला. "रविवारी जेवायला येते. तुझ्या बायकोने बघून यायला सांगितलंय." ताई म्हणजे फटकळ बाई, दिसेल ते सांगणार. म्हणजे सोमवारच्या गाडीने बायको परत, आणि तिकडे दिवस भरलेली लेक एकटी.

रविवारी सकाळी अडला हरी भोपळा, मका आणि टोमॅटो घेऊन आला. साहेबांनी वहीत शोधाशोध करून भोपळ्याला गाजराचं पान लावलं, कारण रंग जवळचा होता. गाजराला अकरा मिनिटं होती. सातव्या मिनिटाला भोपळ्याने अंग टाकलं आणि भांड्यात लगदा झाला. आता वही गप्प.

साहेबांनी घाम पुसला. दाताखाली काही तरी यावं म्हणून मक्याचे दाणे ढकलले. चाखून पाहिलं तर गुळमट. दोन टोमॅटो चिरून घातले. तोंड वाकडं होईल इतकं आंबट. साखर टाकली, मग मिरची, मग कोपऱ्यातला पुदिना हाताने चुरून. भांड्यातून येणारा वास बदलला तसे ते थबकले आणि पुन्हा वाकून हुंगू लागले. आणखी थोडं मीठ हवं, असं नाकानेच सांगितलं. त्यांनी घातलं. मजा वाटत होती त्यांना, अगदी निर्लज्ज मजा! शिट्टी आपणच वाजवतोय हे त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.

ताईने पहिला घास घेतला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग डाव्या हाताने फोन लावला. "मेला झकास जेवतोय. तू बाळ झालं की त्याला न्हाऊमाखू घालून सावकाश ये."

फोन साहेबांकडे आला. "खरं सांगा, तुम्हीच केलंत?" बायकोने विचारलं.

"मीच. पण पुन्हा तसं जमायचं नाही. कसं झालं तेच कळलं नाही मला."

ती हसली. "मला तरी कुठे जमायचं? रोज पहिल्या घासाला तुम्ही म्हणायचात, कालच्यासारखी नाही झाली. अहो, कालची भाजी कोवळी असायची, आजची जून. कशी होणार कालच्यासारखी?"

तीस वर्षं रोज हे एक वाक्य टाकून, पोटभर जेवून ते कामावर गेले होते, आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढे उभी राहिली होती. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

बायकोने विचारलं, "उद्या काय करताय?"

"बघतो," साहेब म्हणाले. "कोवळं काय मिळतंय ते."