बाबांच्या बसचं ग्राफिक्स कार्ड

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. नाव ऐकून बिचकू नका. टेबलाखालच्या त्या काळ्या कॅबिनेटमध्ये आडवा बसलेला, पोटाला पंखा असलेला जो जाड पाटा दिसतो, तो मी. पडद्यावर चित्रं काढायची, एवढंच माझं काम. खेळातला रस्ता, झाडं, सिग्नल, सगळं मी भराभर काढत असतो आणि तुम्हाला वाटतं ते आपोआप पळतंय. आता माझा पंखा घरघरतो, पण बोलायची हौस काही गेलेली नाही.

जन्म कारखान्यातला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतो तो पहिला मालक. लग्नाच्या फिल्म जोडून द्यायचा त्याचा धंदा होता. दिवसभर नवऱ्या मुलींचं रडणं आणि नवरदेवाच्या मित्रांचा नाच. तेच रडणं पुन्हा मागे न्यायचं, तोच नाच पुन्हा पुढे. माझं अंग तापून लाल व्हायचं, पण मी कधी कुरकुर केली नाही. मग त्याच्याकडे नवं कार्ड आलं आणि त्याने मला दुरुस्तीच्या दुकानात नेऊन टाकलं. गरज सरो, वैद्य मरो.

दुकानात मी एका जुन्या प्रिंटरच्या डोक्यावर बसून होतो. गिऱ्हाइकं यायची, मला उलटंपालटं करायची आणि ठेवून द्यायची. तिथेच एक मुलगी वरचेवर येऊ लागली. औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहायची, त्यामुळे तिच्या कपड्यांना नेहमी खोकल्याच्या औषधाचा वास असायचा. पगार झाला की ती एखादा भाग घेऊन जायची. एकदा रॅम, एकदा पॉवर सप्लाय, एकदा पोचा आलेलं कॅबिनेट. घासाघीस अशी करायची की दुकानदार तिला बघितल्याबरोबर पंखा सुरू करायचा.

"हे चालतं ना नक्की?" मला हातात घेऊन तिने विचारलं.

"चालू आहे. पण गॅरंटी मागू नका ताई. मागितली की मला लाज वाटते."

"मग लाजेचे पैसे कमी करा."

अशा रीतीने मी त्या घरी आलो.

घर छोटं होतं. दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीजवळ खुर्चीत बसलेले तिचे बाबा. जन्मभर त्यांनी बस चालवली होती. मग छातीत दुखलं, डॉक्टरांनी तपासलं आणि प्रवाशांची गाडी चालवायची नाही असं सांगितलं. तेव्हापासून ते घरी होते. खाली रस्त्यावर बस वळली की मान न वळवता सांगायचे, "तिसरा गिअर लवकर टाकला." त्यांची बायको, म्हणजे घरातल्या आई, म्हणायच्या, "अहो, तो ऐकतोय का तुमचं?" पोरीला हे बघवेना. म्हणून कॉम्प्युटरवर बस चालवायच्या खेळाचा हा घाट तिने घातला होता. बाबांना मात्र सांगितलं, "कॉम्प्युटर मला खेळायला हवाय."

जोडणी झाली ती सुट्टीच्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर. फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात कुणीतरी माणूस कॉम्प्युटर कसा जोडायचा ते दाखवत होता. बाबा टॉर्च धरून उभे. आई दारातून बघत होत्या. एखादा स्क्रू खाली पडला की त्या म्हणायच्या, "उरला तर ठेवून देऊ, लागेल कशाला तरी." पोरीने मला मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीच्या, खाचेत बसवलं आणि हलकेच दाबलं. कट् असा आवाज झाला. इतक्या हळुवारपणे मला तोवर कुणी बसवलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

आता शेवटची एकच तार राहिली होती, पडद्याची. नेमका तेव्हाच तिच्या मालकांचा फोन आला. व्हिडिओ थांबला. कुठलंसं औषध कुठल्या कप्प्यात आहे ते सांगत सांगत तिने एका हाताने ती तार मागे चाचपून, जिथे बसली तिथे खोचून दिली.

ती तार माझ्यात खोचायची होती. तिने ती वर, मदरबोर्डच्या भोकात खोचली.

झालं काय, की पडद्यावर चित्र तर आलं. आता हे नीट समजून घ्या. साधंसुधं चित्र मदरबोर्डवरच्या प्रोसेसरलाही काढता येतं, रडतखडत. तार त्याच्याकडे गेल्यामुळे सगळा भार त्याच्यावर पडला आणि मी जागेवर नुसता बसून राहिलो. घरात आचारी आणून बसवायचा आणि स्वयंपाक शेजारणीकडून करून घ्यायचा, त्यातली गत. घरात मात्र आनंदीआनंद होता. पडदा उजळला तेव्हा बाबांना टॉर्च विझवायचं भान राहिलं नाही. मीही वाट बघत राहिलो, की आज ना उद्या कळेल यांना.

जुनंच एक स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल आणून पोरीने बस चालवायचा खेळ लावला. "बाबा, जरा बघा ना, मला वळण जमत नाही," असं म्हणून तिने त्यांना खुर्चीवर बसवलं. बाबांनी आधी आरसा कुठाय ते विचारलं. मग स्टिअरिंगवर हात ठेवले, आणि त्यांचा चेहरा पाहून आई स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पण बस काही नीट चालेना. मोकळ्या रस्त्यावर ठीक, पण वळणावर चित्र अडकायचं आणि एकदम उडी मारून पुढे यायचं. कुणी रस्त्यात आलं की बाबा ब्रेक दाबायचे, आणि चित्र हलेपर्यंत बस थांब्याच्या खांबाला जाऊन भिडलेली असायची.

"कॉम्प्युटर स्वस्तातला आहे बाबा, म्हणून अडकतोय."

"नाचता येईना अंगण वाकडं," बाबा हसून म्हणाले. दुसऱ्यांदा असंच झालं तेव्हा ते हसले नाहीत.

मला आतून ओरडावंसं वाटायचं की अहो, या वेळी अंगण खरंच वाकडं आहे. पण मला तोंड कुठे? माझ्याजवळ एक पंखा होता, आणि कामच नसल्यामुळे तोही फिरत नव्हता.

त्यातच डेपोचे साहेब घरी आले. नवे ड्रायव्हर भरती झाले होते, त्यांना आवारात गाडी शिकवायला माणूस हवा होता. शेजारी बसून शिकवायचं, त्याला डॉक्टरांचीही हरकत नव्हती. "तुमच्यासारखा हात दुसरा नाही," साहेब म्हणाले. आईंनी लगेच चहा टाकला. बाबा मात्र "बघतो, कळवतो" एवढंच म्हणाले.

साहेब गेल्यावर पोरीने विचारलं, "बघतो काय बाबा? हो म्हणायचं की."

"शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याकडे, एक माझ्या पायाखाली. पोरगं चुकलं की तो मला वेळेत दाबता यायला हवा." ते आपल्या हातांकडे बघत होते. "तू बघतेस ना रोज. माझा हात गेलाय. कुणाचं तरी पोरगं भिंतीवर घालायचो मी."

"तो खेळ आहे बाबा."

"खेळातसुद्धा जमेना, तर गाडीत काय जमणार?"

बाबांचं मन रमावं म्हणून तिने पै पै साठवून ही वस्तू घरात आणली, आणि त्याच वस्तूने त्यांचा धीर घेतला होता. त्या रात्री ती जेवली नाही. मला सगळं ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो होतो, याचं दुःख मला अजून आहे.

साहेबांना निरोप द्यायचा दिवस आला. बाबांनी नाही म्हणायचं ठरवलं होतं. पोरगी कामावर, बाबा दाढी करायला न्हाव्याकडे. आईंनी साफसफाई काढली. कॉम्प्युटरच्या मागे जळमटं झाली होती, म्हणून त्यांनी सगळ्या तारा उपटल्या, ओल्या फडक्याने टेबल पुसलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तारा परत लावायच्या आहेत. त्यांनी देवाचं नाव घेतलं. जी तार जिथे बसेल तिथे बसवली. पडद्याची तार लावायला वरच्या भोकापर्यंत हात पोचेना, कारण टेबल भिंतीला लागलं होतं. म्हणून त्यांनी ती खालच्या भोकात बसवली. माझ्यात. मग बटण दाबून बघितलं, चित्र आलं, आणि "कुणाला कळायचं नाही" असं पुटपुटत त्या भाजी निवडायला गेल्या.

माझा पंखा फिरला तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

बाबा आले. डेपोत जायला अजून वेळ होता, म्हणून सवयीने खुर्चीत बसले आणि खेळ लावला. मी जीव तोडून रस्ता काढला. डावीकडचं वळण आलं, चित्र कुठे अडकलं नाही. बाबांची पाठ ताठ झाली. पुढे एक म्हातारी फुटपाथवरून एकदम खाली उतरली. त्यांनी ब्रेक दाबला. बस थांबली, म्हातारीच्या पुष्कळ अलीकडे. मागच्या प्रवाशांना धक्कासुद्धा बसला नसता.

"अगं, जरा इकडे ये."

"मी काही केलं नाही," आई आतूनच म्हणाल्या.

बाबांनी पोरीला फोन केला. ती मालकांना काहीतरी सांगून धावत आली. तिने दोन वळणं बघितली, टेबल ओढलं आणि मागे वाकली. बराच वेळ ती वर आलीच नाही.

"बाबा, तार चुकीच्या जागी होती. इतके दिवस. मीच लावली होती." तिने मागची तार दाखवली. "आज आईने बरोबर लावली."

"मी ब्रेक दाबत होतो ते?"

"वेळेत दाबत होतात. चित्रच उशिरा येत होतं."

"दरवेळी?"

"खोटं कशाला सांगू? दरवेळी नाही, बहुतेक वेळा."

बाबा हसले. डोळ्यांत पाणी होतं, पण हसले. आईंना काय झालं ते नीट समजलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच दुरुस्त केलं की." मग बाबांनी खाकी शर्टाला इस्त्री करायला सांगितली आणि ते डेपोत गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची वाट बघत होतो. ते आले, चप्पल काढली आणि सरळ आडवे झाले. तिसऱ्या दिवशीही तेच. पोरगी म्हणाली, "आज बस नाही चालवायची?" तर म्हणाले, "दिवसभर तेच करतो की." म्हणजे मी पुन्हा रिकामा, आणि तेही तार बरोबर लागलेली असताना. आयुष्यात अपमान पुष्कळ झाले, पण इतका गोड दुसरा नाही.

त्याला आता खूप वर्षं झाली. बाबांनी पुष्कळ पोरांना गाडी शिकवली. त्यातले काही खालच्या रस्त्यावरून जाताना अजून हॉर्न देतात. पोरगी दुसऱ्या गावी असते, तिचं स्वतःचं औषधांचं दुकान आहे. बाबा पुन्हा घरी बसलेत आणि सकाळचा चहा झाला की माझ्यापुढे येऊन बसतात. मी थकलोय. वळणावर माझं चित्र अडकतं आता. बाबांचा पायही ब्रेकवर उशिरा पोचतो.

परवा पोरगी आली ती नवं कोरं कार्ड घेऊन. खोकं बघूनच मी ओळखलं. माझे स्क्रू काढायला तिने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

"राहू दे गं," बाबा म्हणाले.

"बाबा, हे अडकतंय. तुम्हाला त्रास होतो."

"ते अडकतंय, आणि मीही अडकतोय. आता खांबाला धडकलो तर म्हणता येतं, कार्ड जुनं झालंय. तू नवं घातलंस तर मी कुणावर ढकलू?"

पोरीने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. खोकं कपाटावर गेलं.

बाबा, खुशाल ढकला माझ्यावर. खांब मोडले, थांबे पाडले, सिग्नल चुकले, सगळं माझ्या नावावर घाला. फक्त उद्या सकाळी चहा झाला की या.